लवादाचा निवाडा घरी आला, आता पुढे काय करायचं?

गुहागर तालुक्यातल्या एका काकूंकडे फेब्रुवारीच्या चार तारखेला पोस्टाने एक जाड पाकीट आलं. मुलाने मिनी टेम्पोसाठी फायनान्स कंपनीचं कर्ज घेतलं होतं आणि कागदांवर काकू सहकर्जदार होत्या. त्यांनी पोस्टमनच्या कागदावर सही केली आणि पाकीट देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलं. मुलगा शिमग्याला येईल तेव्हा बघेल, असं त्यांना वाटलं. मुलगा आला, पालखी घरी येऊन गेली, पाकीट तिथेच राहिलं. नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात कोर्टाचा बेलीफ दारात उभा राहिला, तेव्हा काकू ते पाकीट घेऊन माझ्याकडे आल्या. डिंक अजून सुटलेला नव्हता. माझ्या टेबलावरच ते उघडलं. आत लवादाचा, म्हणजे कोर्टाबाहेर वाद सोडवायला नेमलेल्या माणसाचा, चौदा पानांचा निवाडा होता आणि त्याला आव्हान द्यायची मुदत जूनमध्येच संपून गेली होती.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोर्टांत वकिली करताना अशी पाकिटं मी फार पाहिली आहेत. टेम्पो, डंपर, रिक्षा, होडीचं इंजिन, दुचाकी, मोबाइलवरून घेतलेलं वैयक्तिक कर्ज. कर्ज कुठलंही असो, करारात बारीक अक्षरात लवादाची अट असते. हप्ते थकले की कंपनी कोर्टात दावा लावत नाही, लवादाकडे जाते. तिथला निवाडा पुढे कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच वसूल होतो. हा लेख कर्जदार आणि जामीनदारांसाठी आहे. पहिलीच दरखास्त, म्हणजे वसुलीसाठी कोर्टात केलेला अर्ज, हातात आलेल्या नव्या वकिलांनाही त्यातलं काही उपयोगी पडेल.

आधी कागद ओळखा

घरी येणारा प्रत्येक कायदेशीर कागद म्हणजे निवाडा नसतो, आणि आपल्याकडे बहुतेक घोटाळा इथूनच सुरू होतो.

लवादाची नोटीस आली असेल तर प्रकरण अजून चालू आहे. ही सगळ्यात चांगली वेळ. लवादापुढे म्हणणं मांडा, भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या द्या, आणि लवाद कंपनीने एकतर्फी नेमला असेल तर त्याला लेखी हरकत घ्या. हल्ली या नोटिसा ई-मेल आणि व्हॉट्सअॅपवरही येतात. अनोळखी नंबरचा मेसेज म्हणून पुसून टाकू नका. तुम्ही गेला नाहीत तर लवाद तुमच्याशिवाय प्रकरण चालवून निर्णय देऊ शकतो. काकूंच्या प्रकरणात नेमकं हेच झालं होतं. ग्राहक आयोगात तक्रार करायची असेल तर तीही याच टप्प्यावर करा. लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. निवाडा झाल्यावर मात्र आयोग तो रद्द करू शकत नाही.

कागद पतसंस्थेकडून आला असेल तर बहुधा तो वेगळ्याच कायद्याचा असतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधक वसुली दाखला देतात आणि विशेष वसुली अधिकारी त्याची अंमलबजावणी करतो. त्याविरुद्ध पुनरीक्षण कलम १५४ खाली होतं आणि त्यासाठी रकमेच्या निम्मे पैसे आधी भरावे लागतात. त्या वाटेला पुढचं बरंचसं लागू पडत नाही. पतसंस्था एकापेक्षा जास्त राज्यांत काम करणारी, म्हणजे बहुराज्यीय असेल, तर मात्र तिचे वाद लवादाकडे जातात.

लोकअदालतीची नोटीस म्हणजे तडजोडीचं बोलावणं. जायला हरकत नाही, पण झेपत नसलेल्या आकड्यावर तिथे सही करू नका. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं.

आणि लाल अक्षरांत 'अटक वॉरंट', 'अंतिम इशारा' असं छापलेलं पत्र किंवा मोबाइलवर आलेला फोटो? अटक वॉरंट काढायचा अधिकार लवादाला नाही. असा कागद जपून ठेवा, पुढे पुरावा म्हणून कामाला येतो.

तारीख लिहून ठेवा

कागद खरोखर निवाडा असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून पाकिटावर तो हातात आल्याची तारीख लिहा. पाकीट फेकू नका. त्यावरचा पोस्टाचा शिक्का हाच तुमचा पुरावा.

लवाद आणि सलोखा अधिनियम, १९९६ च्या कलम ३४ खाली निवाडा रद्द करण्याचा अर्ज तीन महिन्यांत करावा लागतो. ही मुदत लवादाची सही असलेली प्रत तुम्हाला मिळाल्यापासून सुरू होते. कंपनीच्या माणसाने झेरॉक्स दाखवली, कोणी फोनवर सांगितलं, याने ती सुरू होत नाही. हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्र शासनाच्याच एका प्रकरणात २०११ मध्ये पक्का झाला.

तीन महिने म्हणजे कॅलेंडरचे तीन महिने, मोजून नव्वद दिवस नव्हेत. काकूंना प्रत ४ फेब्रुवारीला मिळाली, म्हणजे मुदत ४ मेपर्यंत. सबळ कारण दाखवलं तर कोर्ट आणखी ३० दिवस देऊ शकतं, म्हणजे ३ जूनपर्यंत. त्यानंतर कोर्टाच्या हातात काहीच उरत नाही. आजारपण, पूर, घरातला मृत्यू, कुठलंच कारण चालत नाही. कायद्याचे शब्दच तसे आहेत: 'त्यानंतर नाही'.

इथे एक खाच आहे, आणि ती भल्या वकिलांच्याही लक्षात येत नाही. तीन महिन्यांचा शेवटचा दिवस कोर्टाच्या सुट्टीत आला तर कोर्ट उघडेल त्या दिवशी अर्ज चालतो. पण वाढीव ३० दिवसांचा शेवट सुट्टीत आला तर ही सवलत नाही. मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत यात माणसं अडकतात. म्हणून वाढीव ३० दिवस आपले नाहीतच असं धरून चाला.

"पाकीट घेतलंच नाही तर?" हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. उपयोग होत नाही. राहत्या पत्त्यावर किंवा शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर रजिस्टरने पाठवलेला कागद कायद्याने पोचला असं धरता येतं. मुंबईत नोकरी करून कर्जाच्या फॉर्मवर गावचा पत्ता देणाऱ्यांनी गावचं बंद घर कोण बघतं याची सोय आधी करावी. कंपनीला नवा पत्ता लेखी कळवा आणि पोचपावती ठेवा.

निवाडा पेन घेऊन वाचा

इंग्रजी असला तरी घाबरू नका. पाच गोष्टी शोधा.

लवादाची सही, तारीख आणि ठिकाण. लवादाचं ठिकाण चेन्नई, मुंबई, कोलकाता असं काहीही असू शकतं, आणि त्याचा मोठा परिणाम होतो. तो पुढे सांगते.

निवाडा कोणाकोणाविरुद्ध आहे. जामीनदाराचं नाव आहे का? त्याने लवादाची अट असलेल्या करारावर सही केली होती का? आपल्याकडे शेजारधर्म म्हणून जामीन राहणारे पुष्कळ. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, म्हणून कंपनी आधी कर्जदाराला सोडून थेट जामीनदारामागे लागू शकते. पण ज्याचं नाव निवाड्यात नाही त्याच्याकडून त्या निवाड्यावर वसुली होत नाही.

रक्कम. कंपनीकडून खातेउतारा मागवा आणि एकेक हप्ता पावतीशी जुळवा. दंडव्याज, चेक न वटल्याचा आकार, गाडी ओढून नेण्याचा खर्च, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. गाडी कंपनीने आधीच विकली असेल तर विक्रीची रक्कम वजा केली आहे का, हे पहिल्यांदा बघा. चिपळूणच्या २२ जुलै २०२१ च्या पुरात ज्यांच्या पावत्या गेल्या त्यांनी बँकेतून जुन्या खात्याचं स्टेटमेंट काढावं. माझ्याकडे चिखलाने चिकटलेली पासबुकं घेऊन आलेल्या दोघांचं काम बँकेच्या स्टेटमेंटवरच उभं राहिलं.

व्याज. ३,२०,००० रुपयांवर निवाड्याच्या तारखेपासून वर्षाला १८ टक्के व्याज असेल तर वर्षाचे ५७,६०० रुपये होतात, रोजचे साधारण १५८. पाकीट सहा महिने फळीवर राहिलं तर ते किती वाढतं याचा हिशेब तुम्हीच करा. निवाड्यात पुढच्या व्याजाबद्दल काहीच लिहिलं नसेल तर कायदा स्वतःच व्याज लावतो: निवाड्याच्या दिवशीच्या प्रचलित दरापेक्षा दोन टक्के जास्त.

आणि पाचवं, लवाद कोणी नेमला. 'आम्ही अमुक यांची एकमेव लवाद म्हणून नेमणूक करत आहोत' असं कंपनीने स्वतःच पाठवलेलं पत्र सापडलं तर ते वेगळं काढून ठेवा. ज्याचं प्रकरणात हित आहे त्याने एकट्याने एकमेव लवाद नेमू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबर २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालात सांगितलं. वाद निर्माण झाल्यानंतर तुम्ही स्वतः लेखी संमती दिली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून लवादाच्या काळात कंपनीने सह्यांसाठी दिलेला कुठलाही छापील फॉर्म न वाचता सही करू नका.

आव्हान द्यायचं की मिटवायचं

कलम ३४ चा अर्ज म्हणजे अपील नव्हे. लवादाने पुरावा चुकीचा वाचला, एवढ्यावर कोर्ट निवाडा रद्द करत नाही. नोटीस नीट मिळाली नाही, म्हणणं मांडायची संधी मिळाली नाही, लवादाची नेमणूकच कायद्याला धरून नव्हती, करारात नसलेल्या गोष्टीवर निर्णय दिला, अशी कारणं लागतात. आकडा शंभर टक्के बरोबर आहे आणि फक्त पैसे नाहीत, अशी स्थिती असेल तर मी पक्षकाराला अर्ज करू नको म्हणून सांगते. वकिलाची फी हप्त्यात घाल.

आता ठिकाणाची गोष्ट. निवाड्यात लवादाचं ठिकाण चेन्नई असेल तर रद्द करण्याचा अर्ज चेन्नईच्याच कोर्टात करावा लागतो. वसुलीसाठी मात्र कंपनी थेट तुमच्या जिल्ह्यात येऊ शकते. जिथे मालमत्ता आहे तिथल्या कोर्टात दरखास्त दाखल करता येते, दुसऱ्या कोर्टातून हुकूमनामा बदली करून आणण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०१८ ला सुंदरम फायनान्सच्या प्रकरणात ठरवलं. ते प्रकरणही वाहन कर्जाचंच होतं. दापोलीच्या रिक्षावाल्याला चेन्नईला जायला सांगणं आणि कंपनीने मात्र त्याच्या अंगणात येणं, हे मला आजही अन्यायाचं वाटतं. पण कायदा आज असा आहे, आणि तो माहीत असेल तरच तयारी करता येते. चेन्नईत वकील शोधायलाच पंधरा दिवस जातात, ते तीन महिन्यांतून वजा धरा.

नुसता अर्ज दाखल केला म्हणून वसुली थांबत नाही. २०१५ च्या दुरुस्तीआधी थांबायची, आता स्थगितीचा वेगळा अर्ज लागतो. पैशांच्या निवाड्यात कोर्ट बहुधा काही रक्कम भरायला लावतं. करार किंवा निवाडाच फसवणुकीने किंवा भ्रष्टाचाराने झाला असं प्रथमदर्शनी दिसलं तर कोर्ट बिनशर्त स्थगिती देतं.

लवादाचं ठिकाण आपल्याच जिल्ह्यात असेल तर अर्ज जिल्हा न्यायालयात, म्हणजे रत्नागिरी, ओरोस किंवा अलिबागला होतो. वर अपिलात जायचं तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचं उच्च न्यायालयाचं काम १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेलं आहे. आंबा घाट चढला की पोचलो. रायगडकरांना अजून मुंबईच.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका समितीत अर्ज करा. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमातींना, दिव्यांगांना आणि पुरासारख्या आपत्तीत सापडलेल्यांनाही मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असावं लागतं. १५१०० वर फोन करूनही माहिती मिळते. काकूंना हे माहीत नव्हतं, आणि आपल्याकडे सहकर्जदार म्हणून सह्या केलेल्या बहुतेक बायकांना ते माहीत नसतं.

दरखास्त आली

आव्हानाची मुदत संपली किंवा स्थगिती मिळाली नाही की कंपनी कोर्टात दरखास्त दाखल करते. त्यासाठी तिच्याकडे १२ वर्षं असतात. म्हणून 'चार वर्षं काही आलं नाही, म्हणजे विषय संपला' असं समजू नका. मोबाइलवर ई-कोर्ट्सच्या अॅपमध्ये आपल्या नावाने शोधून बघा. प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो मिळाला की पुढच्या तारखा घरबसल्या कळतात.

दरखास्तीची नोटीस आली की तारखेला हजर राहा आणि लेखी म्हणणं द्या. इथे मूळ कर्जाचा वाद पुन्हा उघडत नाही. कोर्ट निवाड्याच्या मागे जाऊन तपासत नाही. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४७ खाली काही हरकती घेता येतात: रक्कम भरून झाली आहे, माझं नाव निवाड्यात नाही, मागितलेलं व्याज निवाड्यापेक्षा जास्त आहे, जप्त करायला निघालेली वस्तू कायद्याने जप्त होत नाही, निवाडा मुळातच शून्य आहे. एकतर्फी नेमलेल्या लवादाचा निवाडा अंमलबजावणीच्या टप्प्यावरही टिकत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका बँकेच्या प्रकरणात म्हटलं आहे. तो मुद्दा जरूर घ्या, पण त्याच्या भरवशावर कलम ३४ ची मुदत घालवू नका.

नव्या वकिलांनी कंपनीच्या बाजूने असताना एवढं करावं: सही असलेली मूळ प्रत, प्रत समोरच्याला पोचल्याचा पुरावा, आव्हानाची मुदत कधी संपली ते, रकमेचा तक्ता आणि मालमत्तेचं अचूक वर्णन. 'ऋणकोची (देणेकऱ्याची) सर्व जंगम मालमत्ता' असं मोघम लिहून वॉरंट मागितलं की बेलीफ रिकाम्या हाताने परत येतो. मुद्रांक शुल्काची हरकतही याच टप्प्यावर निघते, ती आधीच बघून घ्या.

दारात कोण आलं आहे?

बेलीफकडे कोर्टाच्या शिक्क्याचं वॉरंट असतं, त्यावर दरखास्तीचा नंबर असतो, आणि वस्तू नेताना तो पंचांसमोर पंचनामा करतो. वॉरंट वाचायला मागा, नंबर लिहून घ्या, त्याच्याशी भांडू नका. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी तो जप्तीसाठी राहत्या घरात शिरू शकत नाही.

निवाड्याची झेरॉक्स घेऊन आलेला वसुली एजंट म्हणजे बेलीफ नव्हे. त्याला तुमच्या घरातली एकही वस्तू उचलायचा अधिकार त्या कागदाने मिळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, आणि नातेवाइकांसमोर अपमान करणं, धमकावणं याला मनाई आहे. तसं झालं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. १४४४८ वर वाट विचारता येते.

काय जप्त होतं, काय नाही

संहितेचं कलम ६० प्रत्येक कर्जदाराने एकदा तरी कोणाकडून समजून घ्यावं. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त होत नाही. मंगळसूत्रासारखे, धर्मरीतीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता न येणारे दागिने जप्त होत नाहीत. कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, पोटापाण्यासाठी लागणारी गुरं आणि बियाणं सुटतं. मच्छीमाराची जाळी कारागिराच्या हत्यारांत बसते हे कोर्टाला पटवून द्यावं लागतं. म्हणण्यात तसं लिहिलंच नाही तर कोर्ट आपणहून विचारणार नाही. सरकारी पेन्शन, भविष्य निर्वाह निधी, मजुराची मजुरी, आयुर्विमा पॉलिसीचे पैसे सुटतात. ज्या गाडीवरच कर्ज आहे त्या गाडीची गोष्ट अर्थातच वेगळी.

पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुटतात. जप्तीसाठी धरायचा पगार २५,००० असेल तर २४,००० चा एक तृतीयांश, म्हणजे महिन्याला ८,००० पर्यंत कापता येतात. एकाच हुकूमनाम्यासाठी अशी कपात एकूण २४ महिने झाली की पुढे त्यासाठी पगाराला हात लावता येत नाही.

घराबद्दल थोडं थांबून सांगते, कारण कोकणात सगळ्यात जास्त भीती घराचीच असते. शेतकरी किंवा मजूर ज्या घरात स्वतः राहतो ते घर आणि त्याला लागून असलेली आवश्यक जागा पैशांच्या हुकूमनाम्यात जप्त होत नाही. 'राहतो' हा शब्द महत्त्वाचा. मुंबईत कायमचं राहून गावचं घर वर्षातून दोनदा उघडणाऱ्याला हे संरक्षण मिळवणं अवघड. आणि शेतकरी असल्याचा पुरावा द्यावा लागतो: सातबारा, पीकपाहणी, आंबा-काजू विक्रीच्या पट्ट्या. घर मुळातच तारण दिलेलं असेल तर ही ढाल चालत नाही.

जमिनीचं म्हणाल तर आपल्याकडे सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं असणं नेहमीचंच. कंपनीला फक्त ऋणकोचा हिस्सा जप्त करता येतो. सगळ्या जमिनीवर जप्तीचा हुकूम लागला तर भाऊ-चुलत भावांनी संहितेच्या आदेश २१ नियम ५८ खाली आपली हरकत लेखी द्यावी, आणि ती लिलाव होण्याआधी द्यावी. लिलाव झाल्यावर ही वाट बंद होते. कर्जदार वारला असेल तर वारसांकडून त्यांना वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतीच वसुली होते, त्यांच्या स्वतःच्या कमाईतून नाही.

लिलावाची वेळ आलीच तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. हुकूमनामा फिटेल एवढाच भाग विकायचा असतो. दोन लाखांसाठी दीड एकर हापूसची बाग काढली तर हरकत घ्या. स्वतः चांगल्या भावाने विकून किंवा गहाण ठेवून पैसे उभे करता येत असतील तर कोर्टाकडे त्यासाठी वेळ मागता येतो. लिलाव झाल्यावरही ६० दिवसांत जाहीरनाम्यातली रक्कम आणि खरेदीदारासाठी खरेदी रकमेच्या पाच टक्के भरले तर लिलाव रद्द करून घेता येतो.

तुरुंगाची भीती

बाईला पैशांच्या हुकूमनाम्यात अटक होत नाही. संहितेचं कलम ५६ स्पष्ट आहे, आणि काकूंना मी पहिलं वाक्य हेच सांगितलं. पुरुषांच्या बाबतीतही फक्त पैसे नाहीत म्हणून तुरुंग नाही. पैसे असून देत नाही किंवा मालमत्ता लपवली आहे, हे कंपनीने दाखवावं लागतं. आधी कारणे दाखवा नोटीस येते आणि चौकशी होते. त्या नोटिशीला गैरहजर राहू नका. तिथे गेलात आणि खरा जमाखर्च मांडलात की बहुतेक वेळा हा विषय तिथेच थांबतो.

पैसे भरताना

काकूंच्या प्रकरणातली दुसरी चूक इथली. बेलीफ येण्याआधी मे महिन्यात एक वसुलीचा माणूस आला होता, आणि मुलाने त्याला चाळीस हजार रोख दिले. त्याने साध्या कागदावर 'रक्कम मिळाली' एवढं लिहून दिलं. दरखास्तीत त्या चाळीस हजारांचा उल्लेखच नव्हता.

निवाड्यानंतर कोर्टाबाहेर दिलेले पैसे कोर्टात नोंदवावे लागतात. कंपनी नोंदवत नसेल तर पैसे दिल्यापासून ३० दिवसांत तुम्ही अर्ज करायचा. नोंद नसलेली रक्कम दरखास्त चालवणारं कोर्ट हिशेबात धरू शकत नाही. कायदा कठोर आहे, पण असा आहे. म्हणून रोख कोणालाही देऊ नका. कोर्टात जमा करा किंवा कंपनीच्या कर्जखात्यात बँकेतून भरा, आणि लगेच वकिलाला सांगून पुरसीस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, दाखल करा.

हप्ते बांधून घ्यायचे असतील तर तडजोड पुरसीस लिहून दोघांच्या सह्यांनी कोर्टात द्या. एकूण रक्कम, हप्त्याची तारीख, व्याज थांबणार की चालू राहणार, एक हप्ता चुकला तर काय, आणि शेवटचा हप्ता भरल्यावर कंपनी किती दिवसांत नाहरकत देणार, हे सगळं त्यात हवं. तोंडी आश्वासन दिलेल्या मॅनेजरची बदली होते. हप्ता आंबा-काजूच्या किंवा मासेमारीच्या हंगामाला जुळवून मागा. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा जून-जुलैचा हप्ता लहान ठेवायला बऱ्याच कंपन्या तयार होतात, पण आपण मागावं लागतं.

काकूंच्या प्रकरणात आम्ही कोर्टात घर जप्तीतून सुटतं ही हरकत घेतली, सातबारा आणि काजू विकल्याच्या पट्ट्या लावल्या. चाळीस हजारांचा कागद कायद्याने चालला नाही, पण तडजोडीला बसल्यावर कंपनीच्या वकिलांनी तो बघितला आणि ती रक्कम मान्य केली. उरलेल्याचे अकरा हप्ते पडले.

फिटल्यावर

दरखास्त पूर्ण वसुलीने निकाली काढल्याच्या हुकमाची नक्कल कोर्टातून काढा. कंपनीकडून नाहरकत दाखला आणि फॉर्म ३५ वर सही-शिक्का घ्या. तो आरटीओत दिल्याशिवाय आरसीवरचा बोजा जात नाही. जमिनीवर जप्तीची नोंद झाली असेल तर ती उतरवण्यासाठी तलाठ्याकडे हुकमाची प्रत द्या. तारण ठेवलेली मूळ कागदपत्रं कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत परत मिळायला हवीत. कंपनीमुळे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दिवसाला ५,००० रुपये भरपाई मागता येते. सिबिलचा अहवाल दोन-तीन महिन्यांनी बघा. तिथे खातं 'सेटल्ड' दिसतं की 'क्लोज्ड' यावर पुढचं कर्ज अवलंबून असतं, म्हणून तडजोड लिहितानाच हा शब्द ठरवून घ्या.

काकूंनी शेवटच्या हप्त्याची पावती, हुकमाची नक्कल आणि फॉर्म ३५ ची झेरॉक्स एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्याच देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवली आहे. दुसरी प्रत मुलाकडे बोईसरला आहे आणि तिसरी माझ्या कपाटात.